नाताळाची सजावट करण्याआधी घराचं साल ठरवा

ऐतिहासिक घरांच्या म्युझियममध्ये नाताळाच्या कार्यक्रमांची बैठक बहुतेक वेळा 'यंदा झाड कुठे उभं करायचं' इथूनच सुरू होते. पहिला प्रश्न खरं तर वेगळा आहे: हे घर आपण कोणत्या साली दाखवतो, आणि त्या साली या घरात नाताळ होत होता का?

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स या इंग्रज वसाहतीत १६५९ साली नाताळ साजरा करण्यावर बंदी आली. पाच शिलिंग दंड होता, आणि तो कायदा १६८१ पर्यंत टिकला. त्या काळातल्या प्युरिटन (कडक आचाराच्या प्रोटेस्टंट पंथाच्या) घरात हिरव्या माळा लावल्या, तर पाहुण्यांना आपण खोटं सांगतो. अशा घरासाठी 'इथे नाताळ का नव्हता' हाच कार्यक्रम जास्त चांगला. २५ डिसेंबरचं नेहमीचं काम दाखवा: सूतकताई, लाकूडफोड, स्वयंपाक. लोक खिळून ऐकतात, कारण हे त्यांनी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नसतं.

झाडाचंही तसंच. इंग्लंडच्या राजघराण्याचं सजवलेलं झाड १८४८ मध्ये 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'मध्ये छापून आलं. १८५० मध्ये 'गोडीज लेडीज बुक' या अमेरिकी मासिकाने व्हिक्टोरिया राणीचा मुकुट आणि तिचा नवरा अल्बर्ट याच्या मिशा काढून तेच चित्र छापलं, आणि झाडाची चाल मध्यमवर्गात पसरायला मोठा हातभार लागला. जर्मन कुटुंबांत झाड त्याआधीही असायचं. म्हणून १८२० च्या घरात झाड हवंच असेल, तर त्या कुटुंबाचं मूळ आधी तपासा. छापील शुभेच्छापत्र १८४३ नंतरचं. झाडावर विजेचे दिवे पहिल्यांदा लागले १८८२ मध्ये, न्यूयॉर्कच्या एका घरात, आणि सर्वसामान्य घरांत ते पोचायला पुढे बरीच वर्षं गेली. दारावरची सफरचंदं-अननसांची तोरणं 'वसाहतकालीन' म्हणून प्रसिद्ध आहेत, पण ती विसाव्या शतकातली आवड आहे. ती लावायला हरकत नाही, फक्त खाली पाटीवर तसं लिहा.

पुरावा शोधायचा तो घराच्या कागदांत: जमाखर्चाच्या वह्या, पत्रं, मृत्यूनंतरच्या मालमत्तेच्या याद्या. जॉर्ज वॉशिंग्टनने १७८७ च्या नाताळात माउंट व्हर्नन या आपल्या मळ्यावर उंट आणवण्यासाठी १८ शिलिंग दिले, हे हिशेबातल्या एका ओळीमुळेच आज माहीत आहे. अशी एक ओळ हाती लागली की कार्यक्रमाला कणा मिळतो. यासाठी तीन-चार महिने लागतात. म्हणून हे काम वसंतातच सुरू करावं, ऑक्टोबरात नाही.

याच वह्यांत नोकरांची आणि गुलामांचीही नोंद असते, आणि ती झाकून ठेवू नये, असं मला कळकळीने वाटतं. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मळ्यांवर गुलामांना नाताळात अनेकदा काही दिवस सुटी मिळे. दूरच्या मळ्यावरच्या नातलगांना भेटण्याची, कधी लग्नाची ही वेळ. पण १ जानेवारी हा माणसं वर्षभरासाठी भाड्याने देण्याचा दिवस. कुटुंबं तुटायची ती तेव्हा. हा भाग शेवटच्या खोलीत चिकटवून देऊ नका. पहिल्या खोलीत मेजवानी दाखवताना ती कोणी शिजवली, हे तिथेच सांगा.

आता घराच्या जिवाकडे वळू. हिवाळ्याच्या महिनाभरात घराला होणारं नुकसान फक्त पाहुण्यांमुळे होत नाही, सजावट लावताना आणि काढतानाही होतं.

जिन्याचा कठडा घ्या. ताजी फांदी थेट पॉलिशवर बांधली की तिचा डिंक आणि ओल लाकडाला लागते, लाल फळं चिरडून डाग पडतात. प्लॅस्टिकची माळ सुरक्षित वाटते, पण मऊ पीव्हीसी प्लॅस्टिकमधला तेलकट अंश जुन्या वॉर्निशला चिकटतो. दोन्ही प्रकारांत खाली पारदर्शक पॉलिएस्टर फिल्मची किंवा धुतलेल्या सुती कापडाची पट्टी ठेवा, आणि माळ सुती नाडीने साधारण दर ४५ सेंटिमीटरवर बांधा. तार, खिळा, चिकटपट्टी, गरम गोंद यांतलं काहीही नको. आणि माळ हात धरायच्या दांडीवर बांधू नका, बाहेरच्या बाजूने बांधा. मंद उजेडात वृद्ध माणूस दांडी शोधतो आणि त्याच्या मुठीत पानं येतात, अपघात तिथेच होतो. चमकी तर घरात आणूच नये. ती फळ्यांच्या फटींत आणि गालिच्याच्या विणीत वर्षानुवर्षं राहते.

ताज्या फांद्या आणि सुकी फुलं यांतून किडे येतात. कापड, लोकर, पिसं असलेल्या खोल्यांत त्या नकोतच. सुकी सजावट आणि फिती पॉलिथिनमध्ये हवाबंद करून उणे २० अंशांवर किमान आठवडाभर ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, २४ तास तशीच राहू द्या, नाहीतर थंड वस्तूवर दव धरतं. टेबलावरच्या मेजवानीसाठी प्लास्टर किंवा रेझिनचे नमुने वापरा. मीठ-मैद्याचे नमुने ओल शोषतात आणि किड्यांना बोलावतात. पाहुण्यांचं खाणंपिणं मुख्य घराबाहेरच्या इमारतीत.

मेणबत्त्या बॅटरीच्याच, २,००० केल्विनच्या आसपासच्या, म्हणजे ज्योतीसारख्या पिवळसर रंगाच्या. खरी ज्योत दाखवायचीच असेल तर ती अंगणात, बादलीभर पाणी शेजारी ठेवून. कापड, कागद आणि जलरंगांवर ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड नको. उजेड मोजायचं मीटर वस्तूच्या तोंडाशी धरून मोजा, खोलीच्या मध्यावर नको. अतिसंवेदनशील वस्तूंसाठी वर्षाचा हिशेब साधारण १५,००० लक्स-तासांचा (लक्स गुणिले तास) धरतात. चार तासांच्या १२ जादा संध्याकाळी ५० लक्सने २,४०० लक्स-तास खर्च होतात, म्हणजे वर्षाच्या वाट्याचा जवळजवळ सहावा हिस्सा. तो उन्हाळ्यात खिडक्यांचे पडदे बंद ठेवून भरून काढावा लागतो.

तिकिटांचं गणित इथेच चुकतं. संध्याकाळी ५ ते ९, दर १५ मिनिटांनी १२ जणांचा गट, म्हणून ४ तासांत १६ गट आणि १९२ तिकिटं असं धरलं जातं. पण सात खोल्या, प्रत्येकी सात मिनिटं, म्हणजे फेरी जवळपास ५० मिनिटांची. शेवटचा गट ८ वाजता आत जायलाच हवा. गट होतात १३ आणि तिकिटं १५६. उरलेली ३६ विकली की मार्गदर्शक घाई करतात, गट जिन्यात एकमेकांवर आदळतात आणि हातांची कोपरं खुर्च्यांना लागतात. जिथे जिना सर्वांत अरुंद, तिथून गटाचा आकार ठरवा, तिकीटखिडकीवरून नाही.

माणूस तासाला साधारण ५० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. १५६ माणसं ५० मिनिटं म्हणजे संध्याकाळभरात जवळजवळ साडेसहा लिटर. त्यात ओले कोट वेगळे, म्हणून कोट ठेवायची सोय घराबाहेर करा. शिवाय प्रत्येकाच्या अंगची उष्णता एका १०० वॉटच्या दिव्याइतकी असते. त्यामुळे हीटर पाहुणे येण्याआधीच कमी करावे. हवा कोरडी-दमट, कोरडी-दमट होत राहिली की फर्निचरचा पातळ लाकडी थर सुटतो. खोलीत हवेतल्या ओलाव्याची नोंद करणारं यंत्र ठेवा आणि आकडे रोज सकाळी वाचा.

एकदा तरी अंधारात पूर्ण फेरी रंगीत तालमीसारखी करून पाहा: पायरीची कड दिसते का, आपत्कालीन दाराची पाटी माळेआड गेली आहे का. आणि सजावट काढायला लावण्याइतकेच दिवस ठेवा. नाताळाचा काळ संपल्यावर, ६ जानेवारीनंतर, दमलेल्या हातांनी एका दुपारीत उरकलं की ओरखडे तेव्हाच उमटतात. काढताना प्रत्येक खोलीचे फोटो घ्या, कुठे डाग, कुठे फट रुंदावली ते लिहा, आणि त्याच आठवड्यात मार्गदर्शकांना विचारा की कोणत्या खोलीत लोक रेंगाळले आणि कोणता प्रश्न पुन्हा पुन्हा आला. ही पानं खोक्यात सजावटीच्या वरच ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी खोकं उघडणाऱ्याच्या हाती आधी तीच येतील.