नथ शार्प, डोळे सॉफ्ट

तुळशीची लग्नं लागली की कोल्हापुरात आमच्या दुरुस्तीच्या टेबलावर ऑटोफोकसच्या तक्रारी सुरू होतात. एरवी मोबाइलवर खपून जाणारे फोटो आता अल्बमला जायचे असतात, आणि मोठ्या पानावर चूक झाकत नाही. गेल्या मोसमात इचलकरंजीचा एक तरुण फोटोग्राफर त्याची ८५ मिमी एफ १.८ लेन्स घेऊन आला. "दादा, ह्या लेन्सचं काय खरं न्हाई. नथीचं मोती मोजून घ्या, पण नवरीचं डोळं बघा. ही विकूनच टाकतो."

फोटो पाहिले. दीड मीटरवरून, अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र पूर्ण उघडं. एवढ्या अंतरावर फुल फ्रेम कॅमेऱ्यात शार्प पट्टा जेमतेम सव्वातीन-साडेतीन सेंटिमीटरचा मिळतो. नथ आणि बुबुळ यांच्यातलं अंतरही साधारण तेवढंच. त्यामुळे माझा पहिला संशय नथीवरच गेला. व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणाऱ्या चौकोनापेक्षा फोकसचा खरा पॉइंट थोडा मोठा असतो, आणि चकाकते मोती तो आधी पकडतो. पण मुंडावळ्या नसलेले, नथ नसलेले, अगदी वरपित्याचे फोटोही तसेच होते. काहींत मिशी शार्प, काहींत कान.

त्याने कुठलासा व्हिडिओ बघून कॅमेऱ्यात फाइन ट्यून, म्हणजे फोकस किंचित पुढे-मागे सरकवायचं सेटिंग, +१५ वर नेऊन ठेवलं होतं. मला हे पटत नाही. वरच्या दर्जाच्या बऱ्याच बॉडींत (लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्यात) −२० ते +२० अशी ही सोय असते आणि ती कामाची आहे, पण ठरावीक अंतराने चुकणाऱ्या फोकससाठी. इथे फोकस कधी पुढे पडत होता, कधी मागे. अशा चुकीला कुठलाच नंबर बसत नाही.

नंबर शून्यावर आणला. भिंतीवर वर्तमानपत्राचं पान सपाट चिकटवलं, शेजारी तिरकी पट्टी, कॅमेरा ट्रायपॉडवर, फोकल लेंथच्या पन्नासपट म्हणजे सव्वाचार मीटरवर. आधी लाइव्ह व्ह्यू, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून, कारण त्यात फोकस थेट सेन्सरवर तपासला जातो. पानावरचं अक्षर न् अक्षर लख्ख. म्हणजे काचा ठीक होत्या. मग व्ह्यूफाइंडरमधून, दर वेळी लेन्सचा फोकस आधी मुद्दाम बिघडवून. बहुतेक फोटोंत फोकस पुढे पडला, मध्येच एखादा बरोबर. त्याच्या बॅगेतली ५० मिमी लावली. तिचीही तीच तऱ्हा. दोन लेन्स एकाच वेळी सारख्याच बिघडत नाहीत. दोष बॉडीत होता.

डीएसएलआरमध्ये, म्हणजे त्याच्यासारख्या आरशाच्या कॅमेऱ्यात, मुख्य आरशाच्या मागे एक छोटा आरसा लोंबतो. तो थोडा प्रकाश खाली, तळातल्या फोकस सेन्सरकडे वळवतो. लेन्सपासून तिथवरचं अंतर आणि लेन्सपासून फोटो टिपणाऱ्या सेन्सरपर्यंतचं अंतर तंतोतंत सारखं लागतं. छोटा आरसा दर फोटोनंतर खाली येऊन एका बारीक पिनेवर टेकतो. तो केसभर जरी वर राहिला तरी कॅमेरा बीप देतो आणि फोटो चुकतो.

मुख्य आरसा कडेला धरून अर्धवट उचलला, भिंग लावलं, टॉर्च मारला. त्या पिनेवर पिवळा थर बसलेला होता. दाबून बसलेला, ओलसर, एका बाजूला जाड. तळातल्या फोकस सेन्सरच्या खिडकीवरही पिवळी धूळ.

"पट्टणकोडोलीला गेलावता का?"

तो बघतच राहिला. ऑक्टोबरात तिथल्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत त्याने दिवसभर शूट केलं होतं. भंडाऱ्याची उधळण चालू असताना गर्दीतच लेन्सही बदलली होती. हळदीची ती पूड पिठासारखी बारीक आणि जरा तेलकट, घामट हवेत चिकटून बसते. आरसा दर क्लिकला त्या थरावर आपटायचा. थर कधी दबायचा, कधी आरसा वरच अडायचा. म्हणून चूक एकसारखी येत नव्हती.

आधी कॅमेऱ्याचं तोंड खाली करून ब्लोअरने सुटी पूड काढली. मग बारीक कांडीला आयसोप्रोपाइल अल्कोहोलचा नुसता ओलावा देऊन फक्त पिन पुसली. आरशांना हात लावायचा नाही. त्यांचा मुलामा वरच्याच बाजूला असतो आणि एका पुसण्यात ओरखडा पडतो. हे काम घाई मानत नाही, त्यामुळे गिऱ्हाइकाला मी चहाला पाठवलं.

पुन्हा तेच पान, तीच पट्टी. आता ५० मिमी शून्यावरच बरोबर बसली. ८५ किंचित पुढे होती, पण प्रत्येक फोटोत तेवढीच. तिला +३ पुरला. मग त्यालाच दुकानाच्या दारात उभं करून दीड मीटरवरून चेहऱ्याचे फोटो काढले. पापण्यांचे केस सुटे सुटे दिसत होते.

झालेल्या लग्नांचे फोटो मात्र सुधारण्यासारखे नव्हते, तेही त्याला स्पष्ट सांगितलं. नवी बॉडी घेऊ का, असं त्याने विचारलं. मिररलेसमध्ये हा आरसाच नसतो, फोकस सेन्सरवरच होतो, त्यामुळे हा दोष तिथे येत नाही. पण त्याची बॉडी अजून धडधाकट होती. पुढच्या यात्रेला एकच झूम लावून जा, कॅमेऱ्यावर प्लास्टिकचं कव्हर घाला आणि भंडारा उडत असताना लेन्स काढू नका, एवढं बजावलं. ८५ विकायचा विचार त्याने तिथंच सोडला. संध्याकाळी हातकणंगल्याला हळदीच्या कार्यक्रमाची ऑर्डर होती, तिकडे तीच लावून गेला.