डिक मिलर नोंदवही : वॉल्टर पेझलीची पानं पुरी

अमेरिकन चरित्र अभिनेते डिक मिलर (१९२८–२०१९) यांच्या भूमिकांच्या नोंदवहीतलं ‘वॉल्टर पेझली’ प्रकरण एकदाचं मार्गी लागलं. ‘अ बकेट ऑफ ब्लड’मध्ये (१९५९) कॅफेतला पोऱ्या, ‘हॉलीवूड बुलेव्हार्ड’मध्ये (१९७६) एजंट, ‘द हाउलिंग’मध्ये (१९८१) पुस्तकाचा दुकानदार, ‘ट्वायलाइट झोन’ चित्रपटात (१९८३) खानावळवाला, ‘चॉपिंग मॉल’मध्ये (१९८६) सफाईवाला. या पाच चित्रपटांत नाव एक, माणसं पाच. पहिला पेझली शेवटी गळफास घेतो, तेव्हा पुढचे चौघं म्हणजे तोच, असं धरून एका पानावर चढवू नका. पानं वेगळी ठेवा, सूचीत दुवा द्या. ‘नाइट ऑफ द क्रीप्स’मधला (१९८६) पोलिसांचा शस्त्रागारवाला श्रेयनामावलीत नुसता ‘वॉल्ट’ आहे. मोह होतो, पण तो इथे बसत नाही.

सगळ्यात जास्त घोळ वेळेच्या नोंदींत निघाला. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा. जुन्या युरोपीय ‘पाल’ (तिकडची टीव्ही-पद्धत) डीव्हीडीवर तो बहुतेकदा २५ने पळतो. ६६ मिनिटांचा ‘बकेट’ मग साधारण ६३ मिनिटं २२ सेकंदांतच संपतो, आणि ४०व्या मिनिटाचा प्रसंग ३८:२४ला सापडतो. अशा प्रतीवरची वेळ सेकंदांत मांडा, २५ने गुणा, २४ने भागा. घड्याळ चित्रपटाच्या पहिल्या फ्रेमपासून लावा. डीव्हीडी कंपनीचं बोधचिन्ह त्यात धरू नका. प्रत कोणती, तेही शेजारी लिहाच, नाहीतर वर्षभराने आपलाच आकडा आपल्याला जुळत नाही.

‘हॉलीवूड बुलेव्हार्ड’ने वेगळाच पेच टाकला. ड्राइव्ह-इनमध्ये (गाडीत बसून बघायच्या उघड्यावरच्या चित्रपटगृहात) पेझली ‘द टेरर’ (१९६३) बघतो, आणि त्या पडद्यावरही मिलरच आहेत. ते जुनं चित्रण ‘पुनर्वापर’ रकान्यात टाकलं. नवी भूमिका म्हणून मोजलं नाही.

‘द लिटल शॉप ऑफ हॉरर्स’चं (१९६०) पान याच ओघात झालं. सीमोरची मुख्य भूमिका मिलरनी नाकारली, कारण ती पेझलीच्या फार जवळ जात होती. त्यांनी घेतला बर्सन फाउच. हा माणूस फुलवाल्याच्या दुकानात येतो, कार्नेशनची फुलं विकत घेतो, मीठ भुरभुरवतो आणि उभ्याउभ्या चावून खातो, रोजच्या न्याहारीसारखं. डोळे मोठे करणं नाही, विनोदाची खूण नाही. अशा प्रसंगांत नुसती ‘गिऱ्हाईक’ एवढी नोंद पुरत नाही. हातात काय आहे, समोर कोण आहे आणि आल्यापासून किती सेकंदांत काम उरकलं, हे तिन्ही लिहा. ‘द टर्मिनेटर’मधला (१९८४) बंदुकांचा दुकानदार याच तीन रकान्यांत नीट पकडता येतो.

‘पल्प फिक्शन’मधला (१९९४) मिलरनी केलेला मॉन्स्टर जो मात्र अंतिम चित्रपटात नाही. तो प्रसंग कापला गेला. त्याची नोंद फक्त ‘वगळलेले’मध्ये.

आता ‘अपाची वुमन’ (१९५५) हातात आहे. त्यात मिलर गावकऱ्यांतही आहेत आणि अपाचींतही (अमेरिकेतले मूळ रहिवासी), म्हणून एकाच चित्रपटाला दोन ओळी लागणार. गर्दीच्या फ्रेम एकेक करून थांबवायच्या, आणि चेहरा स्पष्ट दिसल्याशिवाय ओळ भरायची नाही.