कंसातली बारा वचने

भायखळ्याच्या आमच्या मंडळीत रविवारच्या उपासनेनंतर शास्त्राभ्यास चालू असताना माझ्या भाचीने योहानाच्या शुभवर्तमानातील व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची गोष्ट उघडली आणि विचारले, "मामा, ही बारा वचने कंसात का छापली आहेत?" अशा प्रश्नांनी विश्वास डळमळतो, असे म्हणून एका वडीलधाऱ्या बंधूंनी विषय तेथेच थांबवला. मला ते फार लागले, कारण विचारणारी पोर श्रद्धेनेच विचारत होती.

त्या कंसामागे मोठे परिश्रम आहेत. योहान 7:53 ते 8:11 हा भाग पपायरस 66 व पपायरस 75 या प्राचीन प्रतींत नाही, चौथ्या शतकातील सिनाय आणि व्हॅटिकन हस्तलिखितांतही नाही. साधारण पाचव्या शतकातील बेझा हस्तलिखितात तो आढळतो, तर काही प्रतींत तो योहानात नसून लूकच्या 21व्या अध्यायाच्या अखेरीस आहे. एखादा उतारा असा जागा बदलत फिरतो, तेव्हा तो मूळ ग्रंथाचा नसून स्वतंत्रपणे जपलेली आठवण असावी, असे अभ्यासक मानतात. ती आठवण खरी असावी असे मला मनापासून वाटते. परंतु ती योहानाने लिहिली, असे मी भाचीला सांगू शकत नाही.

पाठभेदांची, म्हणजे निरनिराळ्या प्रतींतील मजकुराच्या फरकांची, संख्या लाखांत आहे हे ऐकून माणसे घाबरतात. ग्रीक हस्तलिखितेच पाच हजारांहून अधिक असल्यामुळे भेदही तितके दिसतात, आणि त्यांतील बहुतेक शुद्धलेखनाचे आहेत. रोमकरांस पत्रातील 5:1 मध्ये केवळ एका ऱ्हस्व-दीर्घ 'ओ'मुळे 'आपल्याला शांती आहे' याचे 'आपण शांती बाळगू या' असे होते. 'दिन' आणि 'दीन' यांत गल्लत करणाऱ्या आपल्याला ही चूक समजावून सांगावी लागू नये.

सगळेच भेद इतके निरुपद्रवी नाहीत. योहानाच्या पहिल्या पत्रातील स्वर्गातील तीन साक्षींचे (पिता, शब्द आणि पवित्र आत्मा यांचे) वाक्य इरॅस्मस या विद्वानाने 1516 च्या छापील ग्रीक आवृत्तीत घेतले नव्हते, कारण त्याला ते ग्रीक प्रतींत मिळाले नाही; 1522 मध्ये मात्र टीकेनंतर त्याने ते घातले, आणि त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीचा, पुरावा म्हणून ते पुढे शतकानुशतके वाचले गेले. ते गाळल्याने माझ्या विश्वासातले काही गेले नाही, उलट न लिहिलेले वाक्य प्रेषिताच्या तोंडी घालण्याचे पाप टळले.

एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा ग्रंथ मूळचा शुद्धच होता, पाठभेदांनी तो बिघडला, असे त्यांनी लिहून ठेवले. कोणी त्यांना अश्रद्ध म्हटले नाही.

तरीही एक अंतर उरते, आणि ते लपवू नये. नव्या कराराच्या लेखकांच्या हातची एकही प्रत उरलेली नाही. मँचेस्टरमध्ये जपलेला योहानाचा छोटा तुकडाही सामान्यतः दुसऱ्या शतकातला मानतात. शिवाय पाठ विश्वसनीय ठरला म्हणून त्यात सांगितलेली घटना आपोआप सिद्ध होत नाही. तो प्रश्न वेगळा आहे.

येत्या रविवारी मार्कचा 16वा अध्याय आहे. तेथेही 9 ते 20 ही बारा वचने कंसात आहेत. कबरेपासून पळालेल्या स्त्रिया भीतीने कोणाला काही बोलल्या नाहीत, त्या 8व्या वचनापाशीच सिनाय आणि व्हॅटिकन प्रती थांबतात. भाचीला मी तेथपर्यंत वाचायला सांगणार आहे, आणि मग तिने विचारावे.