जॅझचा पियानो नाटकात कशासाठी?

तुम्ही विचारलेत म्हणून लिहितो. पुण्यात नाटकाचा प्रयोग संपल्यावर भेटणारे प्रेक्षक, पियानो शिकायला येणाऱ्या मुलांचे पालक, कधी कधी लष्कर भागातले जुने वादक मित्रही मला एकच प्रश्न विचारतात: जॅझ वाजवणाऱ्या, स्वतः रचना करणाऱ्या माणसाने स्वतंत्र मैफली सोडून उभी हयात नाटकांच्या तालमींत का घालवली? या प्रश्नामागे आपुलकी असते. पण नाटकाला संगीत देणे हे दुय्यम काम आहे आणि त्या नादात माझे जॅझ मागे पडले असणार, अशी समजूतही असते. माझा अनुभव नेमका उलटा आहे. जॅझमध्ये जे शिकलो त्याचा खरा कस नाटकातच लागला.

मुळात जॅझवाले पिढ्यान्‌पिढ्या जी गाणी वाजवत आले, त्यांतली कितीतरी रंगभूमीवरून आलेली आहेत. अमेरिकन संगीतकार जॉर्ज गर्श्विन यांचे ‘समरटाइम’ हे १९३५ सालच्या ‘पोर्गी अँड बेस’ या ऑपेरातले. मराठी माणसाला यात नवल वाटू नये. गोविंदराव टेंबे हे नावाजलेले पेटीवादक; १९११ साली ‘मानापमान’च्या चाली त्यांनी बांधल्या आणि त्यांतली पदे रंगमंचावरून थेट गवयांच्या मैफलीत जाऊन बसली.

पण माझे मन खऱ्या अर्थाने वळवले ते अमेरिकन जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टन यांनी. ते पियानोवादक आणि वाद्यवृंदाचे प्रमुख होते, आणि रचना करताना नुसता ट्रम्पेट किंवा सॅक्सोफोन नव्हे, तर तो वाजवणारा विशिष्ट माणूस त्यांच्या डोळ्यांसमोर असे. १९५७ साली आपले सहरचनाकार बिली स्ट्रेहॉर्न यांच्यासोबत त्यांनी शेक्सपिअरच्या पात्रांवर ‘सच स्वीट थंडर’ ही रचनामालिका केली. तिच्यात ज्युलिएट म्हणजे जॉनी हॉजेस यांचा सॅक्सोफोन आणि रोमिओ म्हणजे पॉल गोन्साल्व्हिस यांचा. त्यातल्या ‘सॉनेट’ नावाच्या रचना मी वही-पेन्सिल घेऊन ऐकल्या, तेव्हा थक्क झालो: प्रत्येकीत चौदा वाक्यांश आणि प्रत्येक वाक्यांशात दहा स्वर, म्हणजे शेक्सपिअरच्या सुनीत (सॉनेट) या काव्यप्रकाराच्या चौदा ओळी आणि ओळीतली दहा अक्षरे जशीच्या तशी. १९६३ साली कॅनडातल्या स्ट्रॅटफर्डच्या नाट्यमहोत्सवातील ‘टायमन ऑफ अथेन्स’ला त्यांनी संगीत दिले आणि त्याच वर्षी आपला वाद्यवृंद घेऊन ते भारतातही येऊन गेले. नटाचा गळा, त्याचा श्वास आणि त्याची चाल ओळखून लिहायचे हे नाटकातल्या संगीतकाराचे पहिले काम आहे, आणि ते मला शिकवणारा माणूस जॅझचा होता.

एक धागा तर मला आजही भारावून टाकतो. १७२८ साली लंडनमध्ये जॉन गे यांचे ‘द बेगर्स ऑपेरा’ आले. बरोबर दोनशे वर्षांनी बर्लिनमध्ये नाटककार ब्रेख्त आणि संगीतकार कुर्ट वाइल यांनी त्यावरून ‘थ्री पेनी ऑपेरा’ रचला; त्याच्या मोजक्या वादकांच्या ताफ्यात सॅक्सोफोन आणि बँजो होते, तशी हार्मोनियमही होती. १९४६ साली एलिंग्टन यांनी त्याच मूळ कथेवर ब्रॉडवेसाठी, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीसाठी, ‘बेगर्स हॉलिडे’ केले, ज्यात गोरे आणि कृष्णवर्णीय नट एकत्र उभे राहिले. आणि १९७८ साली पु. ल. देशपांडे यांनी केलेले मराठी रूपांतर, ‘तीन पैशाचा तमाशा’, पुण्याच्या थिएटर अ‍ॅकॅडमीने जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली उभे केले. नंदू भेंडे यांनी रंगवलेला नायक अंकुश पाश्चात्त्य ढंगात गात होता आणि त्याच मंचावर आपल्या मातीतल्या चालीही नांदत होत्या. तो प्रयोग पाहिला तेव्हा मी विद्यार्थी होतो. या दोन संगीतांना एकमेकांची ओळख करून द्यावी लागत नाही, हे मला त्या प्रेक्षागृहात कळले.

आता प्रत्यक्ष कामाचे सांगतो. जॅझ पियानोवादकाची निम्मी विद्या साथीची असते. षड्ज बास (खालच्या स्वरांचे तंतुवाद्य) वाजवणाऱ्यावर सोपवायचा आणि डाव्या हाताने फक्त दोन स्वर धरायचे: शुद्ध गंधार आणि कोमल निषाद. एवढ्याने स्वरसंगतीची ओळख पटते आणि वर गाणाऱ्याला किंवा बोलणाऱ्याला मोकळी जागा उरते. नाटकात संवादाखाली मी हेच दोन स्वर हळू वाजवत राहतो. मग पात्राच्या मनात काही बिघडले, की माझा हात तिथेच राहतो आणि बासचा खालचा स्वर तेवढा षड्जावरून तीव्र मध्यमावर जातो. वरचे दोन्ही स्वर तेच असतात, फक्त आपसांत भूमिका बदलतात, म्हणजे गंधार असलेला स्वर निषाद होतो आणि निषाद असलेला गंधार. प्रेक्षकाला काय झाले ते सांगता येत नाही, पण प्रसंगाचा रंग पालटतो. नट आज काळी एकमध्ये गायला आणि उद्या घसा बसल्यामुळे पांढरी सातवर आला, तरी हात अडत नाही, कारण जॅझमध्ये प्रत्येक गाणे बाराही पट्ट्यांत घोटावे लागते.

नटाचे वाक्य लांबले, तो रडताना थांबला, कपडे बदलून यायला उशीर झाला, तर दोन मात्रांचा तुकडा फिरवत ठेवायचा आणि त्याने मान वर करताच पुढे सरकायचे. मैफलीत माझ्या मनाप्रमाणे वाजवता येते, हे खरे. पण समोरच्याच्या श्वासावर लक्ष ठेवून क्षणाक्षणाला निर्णय घेणे हेच जर जॅझ असेल, तर मी ते सर्वांत मनापासून विंगेत बसून वाजवले आहे.

पैशांचे म्हणाल, तर शिकवण्या घेऊन घर चालले. प्रायोगिक नाटकावर चालले नसते. आणि अलीकडे दिग्दर्शक संगीत आधीच ध्वनिमुद्रित करून मागतात, लॅपटॉपवरून लावायला सोपे म्हणून. त्यांची अडचण मला समजते. वादकांचा संच घेऊन दौरा करणे आज परवडत नाही. तरीही मी त्यांना एवढेच म्हणतो, की संच लहान करा, वाटल्यास एकटा कीबोर्ड ठेवा, पण नटासाठी थांबू शकेल असा माणूस तिथे बसवा.