झेरॉक्सच्या दुकानातली नोकरी अर्जात लिहावी का?

"दुकानातलं काम लिहू नकोस, घरची अडचण दिसते. त्यापेक्षा समाजसेवेचं काहीतरी दाखव." अमेरिकेतल्या कॉलेजांच्या अर्जाबद्दल बेळगावातल्या एका सल्लागारांनी मला असं सांगितलं, तेव्हा खानापुरात कचेरीजवळच्या झेरॉक्स दुकानात मला सव्वा वर्ष झालं होतं. मे 2023 मध्ये दहावीचा निकाल लागला, त्याच महिन्यात मी तिथे लागले. संध्याकाळी चार ते सात, रविवारी सुट्टी, महिन्याला तीन हजार. बाबा गोव्यात कामाला. घरचा किराणा आणि माझा बसपास या पैशातून निघायचा.

माझ्या मैत्रिणींना हा प्रश्नच नव्हता. कर्नाटकात इंजिनिअरिंगच्या रँकला निम्मे मार्क पीयूसीचे म्हणजे बारावीचे, निम्मे सीईटी या प्रवेश परीक्षेचे. तिथे नोकरीही कोणी विचारत नाही आणि सेवाही. मी मात्र अमेरिकेतल्या, परदेशी मुलांनाही गरजेप्रमाणे आर्थिक मदत देणाऱ्या कॉलेजांना अर्ज करत होते. त्यांच्या 'कॉमन अ‍ॅप' या अर्जात नववी ते बारावीत अभ्यासाशिवाय काय केलं ते विचारतात. जास्तीत जास्त दहा नोंदी, प्रत्येकीचं वर्णन 150 अक्षरांत, मोकळ्या जागाही त्यातच धरायच्या. शिवाय आठवड्याला किती तास आणि वर्षाला किती आठवडे, तेही भरायचं.

सल्ला ऐकून मी दोन दिवसांच्या एका शिबिराला गेले. रोपं लावली, फोटो काढले, प्रमाणपत्र मिळालं. अर्ज भरायला बसले आणि तासांच्या चौकटीपाशी हात थांबला. वर्षाला एक आठवडा. खालच्या 150 अक्षरांत लिहायलाही मला काही सुचेना. ते रोप जगलं का, हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

दुकानाबद्दल लिहायला घेतलं तर जागा पुरेना. जांबोटी, कणकुंबीकडची म्हातारी माणसं शेवटच्या बसआधी उताऱ्याची प्रत काढायला येत. उतारा कन्नडमध्ये, आणि त्यांना येते मराठी. "पोरी, माझं नाव हाय काय बघ की ह्यात," असं म्हणत कागद पुढे करायची. मी मराठी शाळेतली, पण कन्नड नीट वाचता येतं. नाव, सर्व्हे नंबर, क्षेत्र, कर्जाचा बोजा असं एकेक बोट ठेवून सांगायचे. जुलै 2023 मध्ये गृहलक्ष्मी योजनेची नोंदणी सुरू झाली, कुटुंबप्रमुख बाईला महिना दोन हजार. मग तर दुकानाबाहेर रांगा लागल्या. रेशन कार्डावर लक्ष्मी आणि आधारवर लक्ष्मीबाई, असं कितीतरी जणींचं असायचं. पहिल्या आठवड्यात मी न बघताच प्रती काढून दिल्या आणि एका आजींना परत सोळा किलोमीटर यावं लागलं. मला फार वाईट वाटलं. त्या दिवसापासून दोन्ही कागद शेजारी ठेवून नाव ताडल्याशिवाय मी मशीनला हात लावला नाही.

मग हार्वर्डच्या शिक्षण विभागातून 2016 मध्ये निघालेला 'टर्निंग द टाइड' हा अहवाल वाचला. घरच्यासाठी कमावणं, धाकट्या भावंडांना सांभाळणं यालाही प्रवेशात वजन द्यावं आणि सेवा असेल तर ती मनापासून, बराच काळ टिकलेली असावी, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. आणि कॉमन अ‍ॅपच्या यादीत समाजसेवेसारखाच पगारी कामाचा वेगळा प्रकार आहे, घरच्या जबाबदारीचासुद्धा आहे! तो यादीत दिसला तेव्हा मला रडू आलं. जे लपवायला सांगितलं होतं, त्याच्यासाठी जागा आधीपासून केलेली होती.

शिबिर मी काढून टाकलं. पहिली नोंद दुकानाची. आधी 'झेरॉक्स दुकानात मदत' एवढंच लिहिलं होतं. ते खोडून लिहिलं: तीन भाषांत अर्ज भरले, शेतकऱ्यांना कन्नड उतारे मराठीत समजावले, गल्ला मोजून वहीत मांडला, पगार घरखर्चाला. आठवड्याला 18 तास. गावच्या देवळात रविवारी सकाळी मी फुकट कागद वाचून द्यायचे, ते समाजसेवेत वेगळं लिहिलं, दोन तास. दुकानातला एक मिनिटही त्यात धरला नाही. एकच काम दोनदा मोजलं तर ते खोटंच. तिसरी नोंद आजीच्या औषधपाण्याची आणि धाकट्या भावाची.

1 जानेवारी 2025 च्या मुदतीआधी अर्ज गेला. एका कॉलेजची व्हिडिओवर मुलाखत झाली. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी निम्मा वेळ दुकानाबद्दलच विचारलं. चूक कधी झाली का, म्हणाल्या. मी त्या आजींचं सांगितलं. "पुढे त्यांचे पैसे आले का?" हा त्यांचा पुढचा प्रश्न. आले होते, आजी स्वतः सांगायला आल्या होत्या.

मार्चअखेर तीन ठिकाणचे नकार आले आणि एका लहान कॉलेजचा होकार, खर्चाच्या मदतीसकट. नोकरीमुळे मिळाला असं मी म्हणणार नाही. मार्क होते, निबंध होता, शिक्षकांची पत्रं होती. पण नोकरी लपवली असती तर त्या मुलाखतीत मी काय बोलले असते?

जूनमध्ये माझ्या जागी गल्लीतलीच एक मुलगी आली. दुकानातल्या काकांनी तिला मशीन कसं चालवायचं ते दाखवलं. मी तिच्यासमोर एक रेशन कार्ड आणि एक आधार शेजारी शेजारी ठेवलं आणि म्हटलं, "आधी नाव वाच गे."