कूपनची वही : आठवडा सहावा

मागच्या नोंदीत, दुकानात कूपनं वापरून पहिल्या महिन्यात ९१ डॉलर वाचवल्याचं मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं. ते मागे घेते. परवा सगळ्या पावत्या ओट्यावर पसरून बेरीज केली, तर किराण्याचा खर्च डिसेंबरपेक्षा ३४ डॉलरने वाढलेला निघाला! पावतीच्या तळाशी ‘तुम्ही इतके वाचवलेत’ असा आकडा छापतात, तोच मी खरा धरून बसले होते. त्या वस्तूवाचून आपलं काही अडलं होतं का, हे त्या आकड्याला कुठे ठाऊक? चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. पुरावा कपाटात आहे : रँच ड्रेसिंगच्या, म्हणजे सॅलडवर घालायच्या पांढऱ्या सॉसच्या, चार बाटल्या. आमच्याकडे सॅलड म्हणजे काकडीची कोशिंबीर.

इथे न्यू जर्सीत कूपनं येतात ती बहुतेक ब्रँडेड, पाकीटबंद मालावर. तुरीची डाळ, पोहे, कोथिंबीर यांच्यावर कोण कूपन काढणार? तो बाजार ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानांत, आठवड्याचे भाव बघून. म्हणून आता कूपन फक्त डिटर्जंट, टूथपेस्ट, भांड्यांचा साबण आणि दह्यावर वापरायचं ठरवलंय. यादी आधी, कात्री नंतर.

या आठवड्याची कमाई म्हणजे डिटर्जंट. नेहमी ११.९९ ला असलेली बाटली सेलमध्ये ८.९९ ला आली. माझ्याकडे रविवारच्या पेपरातल्या पुरवणीतली कंपनीची दोन-दोन डॉलरची दोन कूपनं तीन आठवडे पडून होती. हाती आल्याबरोबर वापरायचा मोह होतोच, पण मुदत असेल तर सेलची वाट बघावी, हे एवढं एक मी नीट शिकलेय. तरी काउंटरवर गडबडलेच. कूपनवर ‘वन कूपन पर पर्चेस’ असं होतं, म्हणून दोन बाटल्यांवर एकच पुढे केलं. कॅशिअर मुलगी म्हणाली, दुसरं आहे का? इथे पर्चेस म्हणजे एक नग. अख्ख्या खरेदीला ते ट्रान्झॅक्शन म्हणतात. दोन बाटल्या, दोन कूपनं. महिनाभर मी उगाच वेगवेगळ्या रांगांत उभी राहत होते.

बाटली ६.९९ ला पडली असं वाटलं, पण टॅक्स लागला ८.९९ वर. कंपनीच्या कूपनचे पैसे दुकानाला कंपनीकडून परत मिळतात, त्यामुळे ६.६२५ टक्के पूर्ण किमतीवर. दुकानाचं स्वतःचं कूपन असतं तर कमी झालेल्या किमतीवर. फरक बाटलीमागे तेरा सेंटचा. नवरा हसला, पण वहीत लिहिलं. (टॉयलेट पेपर आणि पेपर टॉवेलवर इथे टॅक्सच नाही, तिथे ही भानगड नाही.)

नवीन मंडळींसाठी : कूपनवरचं चित्र बघू नका, अक्षरं वाचा. चित्र बहुधा सगळ्यात महाग प्रकाराचं असतं, खाली बारीक अक्षरात मात्र लहान टूथपेस्टही चालते असं निघतं. फक्त ट्रायल साइज वगळलेली असते. आणि कंपनीचं कागदी कूपन अन् कंपनीचंच डिजिटल कूपन एकाच नगावर चालत नाही. कंपनीचं एक आणि दुकानाचं एक हे जमतं, दुकानाचे नियम आधी बघून घ्या. आयबोटा हे फोनवरचं अ‍ॅप वेगळं, ते पावती दाखवल्यावर नंतर पैसे देतं, त्यामुळे मी ते पैसे हातात येईपर्यंत धरत नाही.

शॉपराइट या सुपरमार्केटचा कॅन-कॅन सेल, म्हणजे डबाबंद मालाचा सेल, जानेवारीत होऊन गेला. तेव्हा घेतलेले छोले आणि टोमॅटोचे डबे मात्र खरंच कामी येताहेत, कामावरून उशिरा आलं की अर्ध्या तासात छोले. त्यातले नऊ डबे उरलेत. पुढच्या वेळी चोवीसच्या वर घ्यायचे नाहीत. जिन्याखाली जागा नाही आणि सासूबाई मे महिन्यात येणार आहेत.

वहीत आता ‘वाचवले’ हा रकानाच खोडलाय. फक्त ‘गेले’ : या आठवड्यात ७८.४०, गेल्या आठवड्यात ८६.१५.

रँचच्या तीन बाटल्या अजून सीलबंद आहेत. एडिसनच्या आसपास कोणाला हव्या असतील तर कळवा, मुदत जूनपर्यंत आहे.