बँकॉक एका दिवसात: नदी धरून फिरा

बँकॉकमध्ये एकच दिवस हातात असेल तर टॅक्सीचा नाद सोडा. जुनं शहर चाओ फ्राया नदीच्या काठावर आहे आणि पाहण्यासारखं बरंचसं तिथेच, चालण्याच्या अंतरावर आहे. आम्ही बीटीएसने, म्हणजे उन्नत रेल्वेने, सफान ताक्सिन स्टेशनला उतरून खालच्या साथोर्न धक्क्यावरून बोट धरली. इथे निळ्या झेंड्याच्या पर्यटक बोटीचा दिवसभराचा पास गळ्यात मारतात. नारिंगी झेंड्याच्या बोटीला एका फेरीचे १६ बाथ पडतात. नदीच्या वरच्या दिशेने जाणारी पकडा आणि था चांग धक्क्याला उतरा.

राजवाडा साडेआठला उघडतो, तिकीट ५०० बाथ. पहिल्या तासात आत शिरलात तर ठीक. दहानंतर ऊन आणि गर्दी दोन्ही असह्य होतात. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. ओढणी पांघरून खांदे झाकले तर बहुतेक वेळा परत पाठवतात, म्हणून बाह्यांचा शर्टच घाला. चपला सारख्या काढाव्या लागतात, तेव्हा लेसचे बूट नकोत.

राजवाड्याच्या आवारातल्या देवळात 'पाचूचा बुद्ध' म्हणतात ती मूर्ती आहे. ती पाचूची नसून हिरव्या जेड दगडाची, जेमतेम ६६ सेंटिमीटर उंच. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे तिचे तीन पोशाख, आणि ते स्वतः राजा बदलतो. पण मराठी माणसाने खरा वेळ द्यायचा तो भोवतालच्या ओवरीला. भिंतीवर १७८ चित्रांत रामकियेन, म्हणजे थाई रामायण रंगवलंय. सुरुवात उत्तर दारापाशी, जनकाला सीता सापडते तिथून. मग घड्याळाच्या दिशेने चालत राहा. 'तोत्सकान' म्हणजे दशकंठ, हे कळलं की बाकीची नावं आपोआप उलगडतात. हनुमान मात्र आपला नव्हे! इथला हनुमान रावणाच्या मुलीच्या, सुवन्नमच्छा या मत्स्यकन्येच्या प्रेमात पडतो.

बाहेर पडल्यावर 'वाट फो' या देवळापर्यंत (थाईत 'वाट' म्हणजे देऊळ) दहा-पंधरा मिनिटांची पायपीट आहे. याच रस्त्यावर एखादा सज्जन दिसणारा माणूस सांगेल, 'आज देऊळ बंद आहे, टुकटुकने स्वस्तात फिरवून आणतो.' देऊळ बंद नसतं. ती टुकटुक रत्नांच्या किंवा शिंप्याच्या दुकानात जाते, कारण चालकाला तिथे कमिशन मिळतं. थांबू नका, दारापर्यंत जाऊन स्वतः पाहा.

वाट फोमधला निजलेला बुद्ध ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच आहे. खांब मध्ये येतात, त्यामुळे अख्खी मूर्ती फोटोत बसवायची तर पायांकडून काढा. तळव्यांवर शिंपल्यांच्या जडावकामात १०८ शुभचिन्हं आहेत. पाठीमागे ओळीने १०८ पात्रं, त्यांत नाणी टाकतात. तो खणखणाट दालनभर घुमत असतो.

मग था तियन धक्क्यावरून पाच बाथच्या होडीने पलीकडे वाट अरुणला. नाव आपल्या अरुणाचंच. जवळ गेल्यावरच कळतं की शिखरावरची फुलं चिनी मातीच्या फुटक्या भांड्यांच्या तुकड्यांची आहेत. पायऱ्या फार उभ्या. चढणं सोपं, उतरताना कठडा धरा. सूर्य याच देवळामागे मावळतो, म्हणून संध्याकाळी परत था तियनच्या बाजूला या. तिथून शिखराची काळी आकृती मिळते. उजळलेलं देऊळ हवं असेल तर सकाळीच यायला हवं. दोन्ही एका फेरीत जमत नाही.

रात्रीचं जेवण याओवरातमध्ये, म्हणजे चायनाटाउनमध्ये. सनाम चाय स्टेशनवरून एमआरटी मेट्रोने दुसरं स्टेशन, वाट मांगकोन. सोमवारी खाण्याच्या बऱ्याच हातगाड्या बंद असतात. शाकाहाऱ्यांनी फक्त 'नो मीट' म्हणून भागत नाही, कारण मासळीचा सॉस सगळीकडे पडतो. 'जे', म्हणजे कडक शाकाहारी, असं म्हणा, किंवा पिवळ्या पाटीवरचं लाल अक्षर शोधा. ते इंग्रजी सतराच्या आकड्यासारखं दिसतं. तिथे अंडं आणि दूधच काय, लसूणही नसतो.